दाजींचं पपनस आणि ताईची किडनी

तुम्हाला नुकतंच कुणी सांगितलं असेल, की तुमच्या दोन्ही किडन्या कामातून गेल्या, तर आधी खुर्चीत बसा आणि घोटभर पाणी प्या. घोटभरच. त्यापुढचं पाणी आता डॉक्टर ठरवणार.

मी पेणच्या रामवाडीतला. धंदा समालोचनाचा. थंडी पडली, भात कापून झालं, की आमच्या जिल्ह्यात खाचराखाचरातून टेनिस बॉल क्रिकेटचे सामने लागतात. मंडप, भोंगे, चषक, आणि माइकवर मी. माझा आवाज असा होता, की कासूच्या मैदानावर मी ‘षट्काऽऽर’ म्हटलं की स्टेशनात उभी असलेली गाडी सिग्नल मिळाला समजून सुटायची. फलंदाज बाद झाला तरी लोक त्याला बघायचे नाहीत, मी काय बोलतोय ते ऐकायचे.

एक गोष्ट आधीच कबूल करतो. आम्ही मिठागरांच्या मुलखातली माणसं, सांगताना मीठ सढळ हातानं पडतं. पण गोळ्या, तपासण्या आणि माझी ताई, या तीन गोष्टींबद्दल पुढे जे लिहिलंय त्यात चिमूटभरही वरचं नाही. बाकीचं तुम्ही तुमच्या चवीनं घ्या.

आवाज बसला तो दिवस

कासूलाच अंतिम सामना होता. पाय इतके सुजलेले, की चपलेनं माझी साथ सोडली होती. मी अनवाणी बसून बोलत होतो. शेवटचं षटक आलं आणि माझा दम संपला. माइक हातात, तोंड उघडं, आणि भोंग्यातून नुसती धाप. लोकांना वाटलं मी रंगत आणतोय. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी पेणच्या डॉक्टरांनी रक्ताचा रिपोर्ट बघितला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि पुन्हा तोच रिपोर्ट बघितला.

“घरचं कुणी आलंय का?”

“मी एकटाच तिघांएवढा आहे डॉक्टर, वजन बघा की.”

ते हसले नाहीत. माझा विनोद पडला की मला कळतं, तो माझा धंदा आहे. पण हा विनोद पडला नाही, हवेतच राहिला. मनीषा, माझी बायको, बाहेर बाकावर बसली होती. तिला आत बोलावलं. क्रिएटिनिन, डायलिसिस, प्रत्यारोपण असे शब्द तिथे ओळीनं आले आणि मला फक्त एवढंच कळलं, की यातला एकही शब्द मराठी माणसाला लवकर घरी सोडणारा नाही.

परतताना रिक्षात मी गप्प. मनीषानं हात धरला. “काहीतरी बोला हो. तुम्ही भांडलात तरी चालेल. तुम्ही गप्प बसलात ना, की मला भीती वाटते.”

मी तिचा हात घर येईपर्यंत सोडला नाही. तुमच्याही वाट्याला असा दिवस येईल. आला तर बोलायचा हट्ट करू नका, हात तेवढा सोडू नका.

मशीन

डायलिसिसला आठवड्यातून तीनदा पनवेलला जायचो. तुमचं सगळं रक्त बाहेर काढून, धुऊन, परत आत. धोब्याकडे कपडे टाकावेत तसं. पहिल्या दिवशी मी भीतीनं इतका घट्ट झालो, की सिस्टर म्हणाली, “काका, सैल सोडा, सुई आत जायला जागा द्या.” मग मी डोळे मिटून समालोचनच सुरू केलं. “आणि सिस्टर धाव घेत आहेत, सुंदर टप्पा, सुई थेट यष्टीवर!” शेजारच्या खाटांवरची माणसं हसायला लागली. पुढे मी गेलो नाही की तिथे विचारणा व्हायची. भीती काही गेली नाही. हसण्याच्या आवाजात ती जरा कमी ऐकू येते, इतकंच.

सगळ्यात वाईट काय, तर तहान. आणि फळांना बंदी. केळं नाही, शहाळं नाही, आंबा तर नावही काढायचं नाही. मी स्वप्नात कलिंगडं बघायचो. एका स्वप्नात तर अंबा नदी पिऊन टाकली आणि तिच्या काठचे नागोठणेकर माझ्यावर धावून आले.

ताई

माझी मोठी बहीण सुनंदाताई रोह्याला दिलेली. दाजी धाटावला केमिकल कंपनीत, तिन्ही शिफ्टचे. माणूस भला, पण बोलणं असं, की प्रत्येक शब्दाला ओव्हरटाइम मागेल.

मनीषाचा रक्तगट जुळला नाही. ताई एक दिवस गाडीनं आली, पिशवी ठेवली आणि उभ्याउभ्याच म्हणाली, “बाला, माझी घे.”

“काय घेऊ?”

“किडनी रे. दोन हायत. दोन काय करायच्यात मला, लोणचं घालू?”

“ताई, दाजींना विचारलंस?”

“विचारलं नाय. सांगितलं.”

पुढच्या रविवारी दाजी आले. चहा थंड झाला तरी कप उचलला नाही. शेवटी एकच वाक्य बोलले. “तिला काय झालं तर?”

मनीषा कप उचलून चहा पुन्हा गरम करायला गेली. मी जन्मभर माइकवर बोललो, पण त्या प्रश्नावर बोलण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं, आजही नाही. डॉक्टरांनी पुढे नीट समजावलं, ताईच्या ढीगभर तपासण्या केल्या, तिला धोका किती आणि काळजी कशी घ्यायची ते लपवाछपवी न करता सांगितलं. दाजींनी सगळं ऐकलं आणि सही केली. पण माझ्याकडे बघितलं नाही.

मुंबईच्या हॉस्पिटलात अवयवदानाला परवानगी देणाऱ्या समितीपुढे ताईला विचारलं, “तुमच्यावर कुणी जबरदस्ती केली का?”

ताई म्हणाली, “लहानपणी मीच ह्याच्यावर केली, एरंडेल पाजायला. बाकी कुणी नाय.”

किडनी माहेरी आली

ऑपरेशन पार पडलं. शुद्धीवर आलो तर मनीषा रडत होती आणि हसत होती, दोन्ही एकदम. खाटेच्या कडेला पिशवी लटकत होती आणि तिच्यात लघवी जमत होती. मित्रहो, पेणच्या बाजारात सोनं उधळलं असतं तरी मी इतक्या प्रेमानं बघितलं नसतं! डायलिसिसवरच्या माणसाला विचारा, त्याची लघवी जवळजवळ बंदच झालेली असते. डॉक्टर आले, पिशवीकडे बघून म्हणाले, “झकास.” अशा गोष्टीला झकास म्हणणारी माणसं जगात आहेत म्हणून आपण जगतो.

पलीकडच्या खोलीतून ताईनं निरोप पाठवला. “माझी पोर सासरहून माहेरी आलीय म्हणावं. नीट नांदव.”

झालं, तेव्हापासून घरात किडनीला ‘ती’ म्हणायला लागले. दाजीही. फोन केला की मी कसा आहे ते विचारायचे नाहीत. “ती बरी हाय?” एवढंच. ताई बरी आहेच, ती तर त्यांच्या शेजारीच बसलेली. म्हणजे ही ‘ती’ माझ्या पोटातली. मी म्हणायचो, “बरी आहे.” फोन बंद.

जाड सालीचं फळ

घरी सोडताना डॉक्टरांनी नियम सांगितले. बाहेरचं खायचं नाही, कच्चं खायचं नाही, धुळीत जायचं नाही, गोळ्या घड्याळाच्या काट्यावर. कारण असं, की दुसऱ्याची किडनी शरीराला परकी वाटते आणि शरीराचे पहारेकरी तिच्यावर धावून जातात. त्या पहारेकऱ्यांना पेंगत ठेवणारी गोळी जन्मभर घ्यायची. गोळी कमी पडली तर पहारेकरी जागे होऊन किडनी संपवतात. जास्त झाली तर गोळीच किडनीला भाजते. मधली वाट केसाएवढी.

आणि फळं? फळं आता चालतील म्हणाले! जाड सालीची, घरी धुऊन सोललेली. एक ग्रेपफ्रूट म्हणून विलायती फळ असतं, तेवढं अजिबात नको. मनीषा म्हणाली, “ते पेणला कुणी बघितलंय?” म्हणजे एक नियम आम्ही काहीच न करता पाळला.

गणपतीच्या सुमाराला दाजींच्या परसातलं पपनस पिकतं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, मोसंबीनं व्यायाम केला तर ती पपनस होईल. आणि दाजींचं पपनस तर विचारू नका! कलिंगडाला लाज वाटावी असं. साल बोटभर जाड, आत गुलाबी फोडी. जाड सालीचं फळ पृथ्वीवर यापेक्षा दुसरं असेल तर मला दाखवा. डॉक्टरांचा नियम जणू दाजींच्या झाडाकडे बघूनच लिहिलेला.

दाजी सुट्टीच्या दिवशी रोह्याहून गाडीनं पपनसांची पिशवी घेऊन यायचे. स्वतः हात धुवायचे, पपनस धुवायचे, सोलायचे, फोडीवरचा पांढरा पापुद्रा न पापुद्रा काढून ताटली माझ्यापुढे सरकवायचे.

“खा. तिला बरं.”

ऑपरेशनच्या आधी ज्या माणसानं माझ्याकडे बघणं सोडलं होतं, तो आता माझ्यासाठी फळ सोलत होता. मी एकही फोड ठेवायचो नाही. जाताना आठवड्याभराची पपनसं ठेवून जायचे.

हात कापतात

माझे हात कापायला लागले. चहाचा कप बशीत टाळ वाजवायचा. रक्तदाब चढला. तपासणी केली तर क्रिएटिनिन वर आणि गोळीचं रक्तातलं प्रमाणही चांगलंच वर. हॉस्पिटलात भरती केलं, गोळी कमी केली. चार-सहा दिवसांत प्रमाण धाडकन खाली. इतकं खाली, की आता पहारेकरी जागे होतील म्हणून गोळी परत वाढवली. घरी आलो, पुन्हा वर. पुन्हा भरती. बायोप्सी केली. किडनी शरीरानं नाकारलेली नव्हती, पण गोळीचे चटके दिसायला लागले होते. मोठे डॉक्टर म्हणाले, असं वर-खाली चालत राहिलं तर किडनी फार दिवस तग धरणार नाही.

कुणाची किडनी? ताईची. तिच्या पोटावरची खूण अजून ओली होती.

एका डॉक्टरनं मनीषाला विचारलं, “गोळ्या वेळेवर देता ना? चुकून दोनदा वगैरे?” प्रश्न रीतीचाच होता. पण मनीषा बाहेर येऊन पायरीवर बसली आणि रडली. तिनं गोळीच्या वेळेला दारात आलेली सख्खी मावशी थांबवून ठेवली होती. त्या दिवशी आम्ही दोघं कचाकचा भांडलो, कशावरून ते आता दोघांनाही आठवत नाही. आजार एका माणसाला होतो, पण खाट घरभर असते.

ताईला फोनवर सांगावं लागलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “बाला, तू जग. किडनीचं मी बघीन.” काय बघणार होती ती? तिसरी तर नव्हती.

मुकादम मॅडम

आता जिच्यासाठी हे सगळं लिहायला बसलो ती बाई. डॉ. मुकादम. वयानं माझ्या भाचीएवढ्या. मुरूडकडच्या, वडील कुवेतला. संशोधन करायच्या आणि संशोधनही नेमकं त्या केसाएवढ्या वाटेवरचं. तीच गोळी, तोच माणूस, तरी रक्तातलं प्रमाण डोलतं का? माझ्यासारखे डोलणारे पेशंट शोधून त्या त्यांच्याजवळ स्टूल ओढून बसायच्या. बाकीचे डॉक्टर रिपोर्ट वाचतात. या बाई माणूस वाचायच्या.

“हॉस्पिटलात तुम्ही खाली येता, घरी गेलात की वर जाता,” त्या म्हणाल्या. “म्हणजे घरी काहीतरी आहे. काय खाता?”

“घरचं जेवण. वरण, भात, भाकरी, भाजी.”

“काढा, आयुर्वेदिक, कुणी दिलेली पूड?”

“नाय.”

“ग्रेपफ्रूट?”

“बघितलंसुद्धा नाय.”

त्यांनी मान हलवली, पण स्टूल सोडलं नाही. “बरं, आता जेवणाचं राहू द्या. घरी दिवस कसा जातो ते सांगा. कोण येतं, कोण जातं?”

मला कुणी ‘सांगा’ म्हणालं की झालं. मी सुरू झालो. कासूची गाडी कशी सुटायची, अंबा नदी कशी प्यायलो, आम्ही सांगताना मीठ कसं सढळ टाकतो. मॅडम पोट धरून हसल्या. मला चेव चढला. म्हटलं, “आणि आमचे दाजी! त्यांच्या परसातलं पपनस एवढं मोठं, की गाडीत टीसीनं विचारलं, ह्याचं तिकीट कुठाय? दाजी म्हणाले, अहो ते लहान आहे, अर्धं लागेल. टीसी म्हणाला, लहान असतं तर मांडीवर बसलं असतं, हे खिडकीशी बसलंय!”

मॅडम हसल्या. आणि हसता हसता थांबल्या.

“पपनस कोण खातं?”

“मीच की. जाड सालीचं, घरी सोललेलं. नियमात बसतं.”

“किती?”

“आठवडाभर पपनस. बैलासारखं खातो.”

“आता मीठ काढून सांगा.”

हे वाक्य मला आयुष्यात कुणी बोललं नव्हतं. मी मीठ काढून सांगितलं. रोज, जवळजवळ अख्खं.

त्या उठल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. हळूच म्हणाल्या, “ग्रेपफ्रूट हे पपनसाचंच पोर आहे काका. जे त्याच्या रसात आहे, ते आईच्या रसातही असतं. आमच्या मुरूडच्या घरी मी पपनसावरच वाढलेय, आणि तुम्हाला विचारायचं मला सुचलं नाही.”

तरी लगेच निकाल दिला नाही हो! हा संशय आहे, म्हणाल्या. आधी पपनस बंद, मग पुन्हा पुन्हा रक्त तपासायचं, गोळी त्याप्रमाणे. खरं काय ते रक्त सांगेल, मी नाही. मी नुसत्या अंदाजावर चौकार जाहीर करणारा माणूस. या बाई चेंडू सीमेपार गेलेला दिसेपर्यंत हात वर करत नव्हत्या. मी मनातल्या मनात टोपी काढली.

दाजींना कोण सांगणार?

आणि दुसऱ्याच दिवशी दाजी हॉस्पिटलात हजर. सोबत ताई. हातात पिशवी. पिशवीत काय, ते पिशवीच्या फुगलेल्या पोटावरून कळत होतं.

“तिच्यासाठी,” दाजी म्हणाले आणि हात धुवायला निघाले.

मी चादर गळ्यापर्यंत ओढून घेतली. ताई माझ्या तोंडाकडे बघून म्हणाली, “काय रे, काय झालं?” मनीषा खिडकीबाहेर बघायला लागली. मॅडम तिथेच होत्या. त्यांनी दाजींना स्टूल दिलं.

“दाजी, तुम्ही कंपनीत आहात ना? समजा एक अख्खी शिफ्ट कामावर आलीच नाही, आणि माल येतच राहिला तर?”

दाजी विचार करून म्हणाले, “माल साचंल.”

“आपल्या आतड्यात गोळी मोडणारे कामगार असतात. पपनसाचा रस त्यांना सुट्टी देतो. गोळी मोडत नाही, रक्तात साचते. बहुतेक तेच झालंय.”

दाजी पिशवीकडे बघत राहिले. त्यांचा चेहरा मी विसरणार नाही. “म्हंजे मी... तिला...”

“नाही,” मॅडम म्हणाल्या. “फळ चांगलं आहे. गोळीही चांगली आहे. दोघांची गाठ पडू द्यायची नाही, बस.”

“झाड पाडतो.”

ताई उसळली. “झाडानं काय केलंय? खबरदार कोयत्याला हात लावलात तर!”

मॅडमनी पिशवीत हात घालून एक पपनस उचललं, दोन्ही हातांनी तोललं. “मला द्या. मी कुठे गोळ्या घेते?” दाजींनी ते त्यांच्या हातातून परत घेतलं. हात धुतले, पपनस धुतलं, बाहेरच्या बाकावर बसून सोललं, पापुद्रा न पापुद्रा काढला. मॅडमनी उभ्यानंच खाल्लं आणि आम्ही सगळे त्यांच्याकडे बघत होतो, जणू निकाल त्या फोडीतच होता.

“गोड आहे,” त्या म्हणाल्या.

खाली, आणि खालीच

पपनस बंद झालं, गोळीचं प्रमाण उतरलं आणि या वेळी घरी गेल्यावरही उतरलेलंच राहिलं. हात कापायचे थांबले. क्रिएटिनिन हळूहळू मागे आलं, अगदी पहिल्यासारखं नाही, पण ‘ती’ टिकली. मॅडमनी माझी परवानगी घेऊन, नाव गाळून, ही हकीकत डॉक्टरांच्या सभेत मांडली. आता त्यांच्या वॉर्डात ग्रेपफ्रूटच्या शेजारी पपनसही सांगतात, मराठीत. माझ्या समालोचनापेक्षा ती एक सूचना जास्त माणसांच्या कामी येणार आहे, आणि मला त्याचं वाईट वाटत नाही. थोडंसं वाटतं.

तुम्हाला एकच सांगतो. डॉक्टर ‘काय खाता’ विचारतात तेव्हा आपण जेवण सांगतो. प्रसाद, परसातलं फळ, कुणी प्रेमानं आणलेलं, हे आपण खाण्यात धरतच नाही. धरा. सगळं सांगा. गप्पा मारत सांगितलंत तरी चालेल. ऐकणारा डॉक्टर भेटला तर त्यातूनही तो नेमकं उचलतो.

गेल्या हंगामात मॅडमनी समालोचनाला परवानगी दिली. मास्क लावून, धुळीपासून लांब, मंडपात बसून, थोडा वेळच. कासूलाच. ताई पहिल्या रांगेत. आवाज पूर्वीसारखा नाही, गाडी आता वेळापत्रकाप्रमाणेच सुटते. दाजी माझ्या मागे खुर्चीवर, मांडीवर पिशवी. षटक संपलं, मी माइक टेबलावर ठेवला. बंद करायचा राहिला.

दाजींनी फोन काढला. हल्ली ते मला काहीही देण्याआधी मॅडमना फोन करतात. शब्दाला ओव्हरटाइम मागणारा माणूस, पण मॅडमशी पाच-पाच मिनिटं बोलतो. फोनचा स्पीकर चालू. आणि अख्ख्या मैदानावर, चारी भोंग्यांतून, दाजींचा आवाज घुमला.

“मॅडम, आमच्या किडनीला चिकू चालंल काय?”

पुढच्या षटकाचा गोलंदाज धावता धावता थांबला. पंच वळला. मी दाजींकडे बघितलं. त्यांना पत्ता नव्हता, ते फोन तोंडापुढे धरून बसले होते. ‘तिला’ नाही. ‘आमच्या’.

भोंग्यातून मॅडमचं उत्तर आलं. “चालेल दाजी. धुऊन, सोलून, एकच.”

पंचानं षट्कारासारखे दोन्ही हात वर केले आणि मैदान टाळ्यांनी फुटलं. यात मीठ नाही. कासूला कुणालाही विचारा.